अकरा पावलं

गुल्हाने काकांनी पहिल्या भेटीतच मला घाबरवलं, आणि माफी मागायचं सोडून वर माझीच चूक काढली.

टोरोंटोजवळच्या मिल्टन गावात, त्या नव्या वस्तीत आम्ही राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. नोव्हेंबरातली सकाळ होती. मी खाली मान घालून गाडीपाशी गेले, काचेवरचा बर्फ खरवडला, मान वर केली, तर चार हातांवर एक उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा उभा. शेजारच्या घरापुढे मनगटाएवढ्या जाडीचं मेपलचं रोप लावलेलं होतं, त्याला पाठ लावून तो उभा होता आणि अजिबात हलत नव्हता. माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

"दारापासून गाडीपर्यंत अकरा पावलं चालली तू," तो म्हणाला. "एकदाही इकडंतिकडं पाह्यलं नाही. असं नाही चालत, बेटा."

"तुम्ही कोण?"

"मृणालचा बाप. ती म्हणे, बाजूला पुण्याची पोरगी आली. म्हटलं पाहू तर खरं."

मृणाल म्हणजे आमची शेजारीण, बँकेत नोकरीला, रोज सकाळच्या ट्रेननं टोरोंटोला जाणारी. आई गेल्यावर तिनं वडिलांना ऑस्ट्रेलियाहून इकडे आणलं होतं. कोणी विचारलं की ती ठरलेलं वाक्य म्हणायची, "बाबा तिकडे व्हेट होते, यू नो, मोठमोठ्या कॅटल फार्म्सवर." आणि विषय बदलायची. वाक्य खोटं नव्हतं. अर्धं होतं.

मी जन्माची भित्री. लिफ्टची भीती, कुत्र्यांची भीती, बर्फात गाडी चालवायची तर इतकी की विंटर टायर लावायला ऑक्टोबर उजाडायची वाट बघत नाही. पण माझी भीती बडबडी आहे. काकांची भीती मुकी होती आणि तिला शिस्त होती. त्यांच्याकडे पाहून मला पहिल्यांदा कळलं की घाबरणं हेसुद्धा एक काम असू शकतं, आणि माणूस ते नोकरीसारखं नेमानं करू शकतो.

त्यांच्या खिशात नाकात मारायच्या औषधाची एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली असायची. तिच्यात लहान मुलांची पावडर. कुठंही जायचं झालं की आधी ते बाटली दाबायचे, पांढरा फुसकारा निघायचा, आणि तो कुठं जातो ते बघायचे. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, देवळाच्या दारात. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तर आमच्या बेसमेंटमध्ये त्यांनी ती दाबली.

"काका, इथं कसलं आलंय वारं?"

"हीटिंगचं," असं म्हणून त्यांनी खुर्ची उचलली आणि दुसऱ्या भिंतीला नेली.

खुर्ची नेहमी दाराकडे तोंड करून. दारात मात्र कधी उभे राहायचे नाहीत, दुसऱ्यालाही उभं राहू द्यायचे नाहीत. "ज्याले निघायचं त्याची वाट मोकळी पाह्यजे. कोंडलं की कोणीही अंगावर येते." गावाबद्दल त्यांची एकच तक्रार होती. थंडी नाही, एकटेपण नाही. "चढायजोगं एक झाड नाही बेटा इथं. हे कसलं गाव?" खरंच नव्हतं. सगळी रोपं काठीला बांधलेली, त्यांच्यावर खारही जपून चढायची.

हातात एक मोडकी हॉकी स्टिक असायची. कोणीतरी कचऱ्याच्या दिवशी रस्त्यावर ठेवलेली त्यांनी उचलून आणली होती. मृणालला तिची लाज वाटे. तिनं चांगली चालायची काठी आणून दिली, ती कपाटात गेली. तसेच बूट. इथं दाराशी बूट काढल्याशिवाय कोणी कोणाच्या घरात शिरत नाही, त्यामुळे प्रत्येक घराच्या दाराशी बसायला एक बाकडं असतं. काका त्या बाकड्यावर कधी बसले नाहीत. भिंतीला पाठ लावून, उभ्या उभ्या, टाचेनं टाच दाबून बूट काढायचे. बिननाडीचेच बूट घालायचे, भर बर्फातसुद्धा. मृणालनं एकदा नाड्यांचे महागाचे विंटर बूट आणले, तर म्हणाले, "नाड्या नको," आणि तिला दुकानात परत पाठवलं. त्या आवाजात विनोद नव्हता.

मार्च महिन्यात आमच्या गराजमध्ये रकून, मांजराहून थोराड असं इथलं एक रानटी जनावर, मरून पडला. म्हणजे मला वाटलं, मेला. कोपऱ्यात, रिकाम्या खोक्यांशेजारी, कुशीवर, डोळे मिटून. बर्फ ओढायचं फावडं घेऊन मी त्याला उचलायला निघाले. नवरा कामावर, मुलगी शाळेत. म्हटलं, करायलाच हवं.

"थांब."

काका गराजच्या तोंडाशी उभे होते, वाटेतून एका बाजूला. इतक्या हळू आवाजात कोणी हुकूम देऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. मी थांबले.

"डोळे कसे आहेत त्याचे?"

"मिटलेले. मेलाय तो, काका."

"मेलेल्याचे डोळे उघडे राह्यते, बेटा. मिटलेले दिसले की समजायचं, आत कोणीतरी आहे."

त्यांनी मला भिंतीशी उभं केलं. मग लांबून वळसा घालून, त्या जनावराच्या पाठीकडून, पाऊल न वाजवता ते पुढे गेले आणि हॉकी स्टिकचं टोक पुढे करून त्याच्या मिटल्या डोळ्याला अलगद लावलं. रकून उडालाच. मी जिथं वाकणार होते तिथं त्याचे दात आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग तो मोकळ्या दारातून पळाला. काकांनी त्याची वाट मोकळी ठेवली होती.

मी खोक्यावर बसून रडले. काकांच्या कपाळावर घाम होता, मार्चच्या थंडीत. मला वाटलं, म्हातारा माणूस, दमला असेल.

त्याच वर्षी पोळ्याला काय झालं ते सांगते. आमच्या मराठी मंडळात विदर्भातली बरीच मंडळी आहेत, त्यामुळे पोळ्याच्या आसपासच्या शनिवारी हॉलमध्ये मुलांचा तान्हा पोळा असतो. मुलं पुठ्ठ्याचे, लाकडाचे बैल सजवून आणतात. त्या वर्षी एका हौशी गृहस्थांनी स्वतःच्या गराजमध्ये खपून कमरेएवढा लाकडी बैल केला होता. तांबडा रंग, पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, आणि कपाळावर हौसेनं काढलेला पांढरा चांद. पूजा कोणी करायची? गुरांचे डॉक्टर मंडळात एकच. काका नाही म्हणत होते, पण लोकांनी ऐकलं नाही.

सगळ्यांच्या चपला-बूट दाराशी. काका अनवाणी, हातात पूजेचं ताट. ते हॉलच्या मध्यापर्यंत गेले आणि त्यांना बैलाच्या कपाळावरचा तो चांद दिसला. तिथंच ते खिळले. मग त्यांनी ताट माझ्या हातात दिलं, कोपऱ्यात ठेवलेली आपली हॉकी स्टिक आणली, बैलाला मोठा वळसा घालून मागे गेले, आणि मागून वाकून तिचं टोक त्याच्या रंगवलेल्या डोळ्याला टेकवलं.

मुलं खिदळायला लागली. "व्हाय इज ही पोकिंग इट?" माझ्याच मुलीनं मोठ्यानं विचारलं. मोठी माणसंही हसली, म्हातारबुवा गंमत करताहेत असं वाटून. मी जवळ होते म्हणून मला दिसलं. ते समोर आले, बैलाच्या कपाळावर ठेवायला हात पुढे केला, आणि चार बोटं अंतर राहिलं असताना हात थांबला. पुढे जाईना. तोंडातल्या तोंडात ते काहीतरी म्हणाले आणि तसेच अनवाणी बाहेर पार्किंगमध्ये निघून गेले.

मी त्यांचे बूट घेऊन मागोमाग गेले. भिंतीला पाठ लावून उभे होते. बाटली दाबत होते, पण तिच्यातली पावडर संपली होती.

"तू किचनरले जाते नं कामाले?"

"हो. आठवड्यातून तीन दिवस."

"मले नेशीन का एक दिवस?"

एक दिवस नेलं. मग आणखी एक. किचनर शहर लागायच्या आधी एक कॉफीचं दुकान आहे, तिथं ते उतरायचे. "साडेचारले इथंच," म्हणायचे. संध्याकाळी मी न्यायला आले की कोपऱ्यातल्या टेबलाशी, दाराकडे तोंड करून, सकाळी बसलेले तसेच बसलेले असायचे. कोटाच्या आतल्या खिशात एक लिफाफा असायचा, त्याच्यावर हात. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी गाडी थांबली तरी ते उतरले नाहीत. पट्टाही सोडला नाही.

"आज सांगतो," म्हणाले.

मी ऑफिसला उशीर होईल असं कळवलं आणि इंजिन बंद केलं.

गुरांचे डॉक्टर म्हणून ते ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेला गेले, तिथं जनावरं तपासत हिंडले, हे खरं. पण नंतरची कितीतरी वर्षं त्यांनी दुसरंच काम केलं. तो मुलूख उष्ण, ओसाड, गावं शेकडो मैलांवर. पावसाळ्यात बुडालेला आणि एरवी जळलेल्या गवताचा. तिथं कोणे एके काळी मोठ्या कुरणांवरून सुटलेली गुरं रानात वाढतात. दावं नाही, डाग नाही, माणूस पाहिलेला नाही. त्यातले बैल कशालाच भीत नाहीत. त्या भूमीचे जे मूळ लोक, त्यांच्या परवानगीनं तिथं शिकारीच्या सहली निघतात, आणि लांबलांबून पैसेवाले लोक एक रानबैल मारायला येतात. काका त्यांचे वाटाडे होते. चाळीस पावलांपर्यंत न्यायचं, वारं सांभाळायचं, गोळी कधी झाडायची ते सांगायचं.

"मारणं त्याइचं काम," काका म्हणाले. "माणूस जिवंत परत आणणं माझं."

खरं सांगायचं तर अंगावर काटा आला होता, आणि तो त्या बैलांच्या भीतीनं नव्हे. आपला माणूस, यवतमाळकडच्या शेतकऱ्याच्या घरचा, आणि बैल मारायला वाट दाखवतो? ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"तुले जे वाटून राह्यलं नं, ते मलेही वाटे. आणि ते बैलही आपलेच, बेटा. तिथल्या उन्हात टिकावी म्हणून पूर्वी कधी आपल्या देशातली गुरं नेली त्याइनं. वशिंड, गळ्याची लोंबती पोळी, लांब कान, सगळं आपलं. पह्यला दिसला तेव्हा वाटलं, आमच्या बाजारातून सुटून आला. म्हणून तर मी हात लावायचो."

बैल पडला की काका थांबायचे. मग मागून जाऊन काठीनं डोळा तपासायचे. पापणी हलली तर आणखी एक गोळी. नाही हलली तर बंदूक झाडाला टेकवायची, खाली बसून बूट काढायचे, आणि अनवाणी समोर जाऊन बैलाच्या कपाळावर तळहात ठेवायचा. चुकलं माकलं माफ कर, म्हणायचं. त्यांचे वडील पोळ्याला तसं करायचे. पायात काही घालून बैलाला हात लावायचा नाही, हत्यार तर जवळही नको.

"लोक विचारत, हे काय? मी सांगे, आमच्याकडची रीत आहे. त्याइले फार आवडे. मग तेही बूट काढू लागले, तसे फोटो काढू लागले. कंपनीनं तो फोटो जाहिरातीत छापला. मग ते माझं नाही राह्यलं, तमाशा झाला. आणि खोटं काहून बोलू? मलेही आवडू लागलं होतं."

वेन नावाचा एक शेतकरी आला होता. इथलाच, किचनरच्या पलीकडे त्याचा गाईंचा गोठा. पन्नाशीचा, हसरा, गुरांतला माणूस. सहलीभर तो म्हणायचा, मला बैल नको, मला ते हात ठेवणं करायचंय. शेवटच्या दिवशी केवड्यासारख्या काटेरी झाडांच्या जाळीत, कोरड्या ओढ्याच्या वाळूत बैल पडला. तांबडा. कपाळावर पांढरा चांद.

काका काचेतून बाहेर बघायला लागले. समोर कॉफीच्या दुकानात लोक ये-जा करत होते. काकांच्या लहानपणी घरी अस्साच एक बैल होता, चांद्या. काका शिकायला बाहेरगावी असताना तो गेला. त्यांना पाहायलाही मिळाला नाही.

"तो वाळूत पडला होता तसा चांद्या दिसला मले. डोळे मिटून. निजल्यावाणी."

"काका, डोळे मिटलेले..."

"होय. मले दिसलं होतं. साऱ्या जगाले मी शिकवलेलं, आणि मले दिसलं होतं. काठी पाठीले बांधली होती, ती सोडली नाही. बंदूक झाडाले टेकवली. आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडू लागलो. चांद्यापुढं बूट घालून कसं जाऊ? वेननं झटक्यात बूट काढले, हात पुढं करून समोरून निघाला. तेव्हा बैलाचा कान हलला. मी ओरडलो. थांब, म्हणून ओरडलो. मराठीत."

ते माझ्याकडे बघत होते.

"इतकी वर्षं इंग्रजीत बोललो, आणि त्या वेळी तोंडातून मराठी आलं. त्याले काय कळणार? त्याले वाटलं, मी पूजेचं काही म्हणून राह्यलो. तो वळून हसला."

बंदुकीपर्यंत अकरा पावलं होती. एक बूट पायात, एक पाय उघडा, जळलेल्या गवताच्या बुडख्यांवरून. काकांनी बैलाला पाडलं, पण तोपर्यंत वेनची कंबर मोडली होती. हेलिकॉप्टर यायला पाच तास लागले. पाच तास काका त्याचं डोकं मांडीवर घेऊन, पाणी पाजत, माश्या हाकत बसले. मध्येच तो शुद्धीवर आला आणि त्यानं विचारलं, तू डोळा तपासला होतास ना?

"मी हो म्हटलं."

नंतर चौकशीतही त्यांनी तेच सांगितलं. नियमाप्रमाणे सगळं केलं, बैल फसवा निघाला. सगळ्यांना पटलं. वेन वाचला, पण कायमचा चाकाच्या खुर्चीत गेला. आणि तेव्हापासून बारा वर्षं दर नाताळात त्याचं कार्ड यायचं. त्यात एकच वाक्य. तू सगळं बरोबर केलंस, तुझ्यामुळे मी जिवंत आहे. आधी ऑस्ट्रेलियाच्या पत्त्यावर, मग तिकडून फिरून मिल्टनला. आपण आता त्याच्यापासून तासाभरावर राहतो हे काकांनी त्याला कळवलंच नव्हतं.

त्यांनी खिशातला लिफाफा काढला. गेल्या नाताळचं कार्ड. वाक्य तेच होतं, पण अक्षर बायकोचं. खाली तिनं लिहिलं होतं की वेनला आता लिहिता येत नाही, तब्येत उतरत चालली आहे, पण हे वाक्य त्यानं सांगून लिहून घेतलं.

"मग फोन करा ना, काका. फोनवर सांगा."

"फोनवर वारं कळत नाही." मग एकदम म्हणाले, "तुले माहीत आहे मले कशाची भीती वाटते? तो शिव्या देईन, पोलिसात जाईन, त्याची नाही. रोज सकाळी उठलो की मी वाट पाह्यतो. त्याची बातमी येते का. तो गेला तर मी सुटलो. एका माणसाच्या मरणाची मी वाट पाहून राह्यलो, बेटा. जखमी जनावर रानात सोडून घरी येऊन बसलेल्या माणसासारखा."

त्या दिवशी त्यांना कॉफीच्या दुकानात उतरवायचं धैर्य मला झालं नाही. मी सुट्टी टाकली आणि त्यांना घरी आणलं. माझ्या मनात सारखं येत होतं की यात मी कशाला पडले. घरी गेल्यावर नवऱ्यालाही काही सांगितलं नाही.

ऑक्टोबर संपता संपता एका शनिवारी ते सकाळी नऊला आमच्या दाराशी आले. मृणालला सांगितलं होतं, शेतावर सफरचंदं आणायला चाललो. वेनच्या बायकोला फोन करून फक्त येतो एवढं कळवलं होतं. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. जुने, तपकिरी, भेगा पडलेले, पॉलिश केलेले चामड्याचे बूट. नाड्यांचे. तेच ते, हे विचारायची गरज नव्हती.

किचनर मागे पडलं. पुढे मक्याची कापलेली शेतं, खडीचा रस्ता, एका घोडागाडीत मोटार न वापरणाऱ्या इथल्या एका पंथाचं, काळे कपडे घातलेलं कुटुंब. काकांचा श्वास मला ऐकू येत होता. एकदा त्यांनी गाडी थांबवायला लावली, बाहेर जाऊन उलटी केली, तोंड पुसलं आणि परत येऊन बसले. "चल."

फाटकापाशी आम्ही थांबलो. आत साठ-सत्तर पावलांवर पांढरं घर, व्हरांड्याला पायऱ्या आणि शेजारी खुर्चीसाठी लाकडी उतार. डावीकडे कुंपणापलीकडे गाई. काकांनी बाटली दाबली. पांढरा फुसकारा सरळ घराकडे गेला.

"वारं त्याच्याकडं जाऊन राह्यलं," ते म्हणाले. "आपला वास लागला त्याले."

"काका, परत जाऊ या."

"नाही. तू इथंच बस. काही झालं तरी हॉर्न वाजवू नको. बिचकलेल्याच्या हातून काहीही होते."

हॉकी स्टिक त्यांनी माझ्या गाडीतच ठेवली. आणि जो माणूस आधी वळसा घातल्याशिवाय कधी कशाच्या समोर गेला नव्हता तो त्या रस्त्याच्या मधोमध, हात मोकळे सोडून, घराच्या समोरून चालत गेला. दार उघडलं. एक बाई दिसली. काका उभ्या उभ्या बूट काढायला गेले, पण नाड्यांचे बूट तसे निघत नाहीत. शेवटी भिंत धरून, वाकून, एकेक नाडी सोडून त्यांनी ते काढले आणि आत गेले. दार लागलं.

मी एक तास दहा मिनिटं गाडीत बसले होते. मला आठवत होतं की हे शिकाऱ्याचं घर आहे. बंदूक असणारच. तो चालू शकत नाही, पण हात? लिहिता येत नाही म्हणजे हातही गेले असतील का? मागे कुठंतरी धाडकन आवाज झाला आणि मी डोकं खाली घातलं. गोठ्याचं दार होतं. गाई एकेक करून कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. आयुष्यात गाईची भीती वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली.

आत काय झालं ते काकांनी परतीच्या वाटेवर सांगितलं, तेही मोजकंच.

"त्याले माहीत होतं, बेटा. म्हणे, मी खाली पडलो होतो नं, तिथून तुझ्या पाठीची काठी दिसत होती. पाच तास दिसत होती. तू ती सोडलीच नव्हती."

"मग ती कार्डं? तू सगळं बरोबर केलंस?"

"दरवर्षी विचारून राह्यला होता तो. मी उत्तर दिलं नाही."

"माफ केलं का त्यांनी?"

"ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही."

काका त्याच हिवाळ्यात गेले, फेब्रुवारीत, झोपेत. अंत्यसंस्काराच्या आधी सगळ्यांना दर्शन घ्यायला बोलावलं होतं. ते शांत पडले होते, डोळे मिटलेले, आणि ते मिटलेले डोळे पाहून माझं पाऊल जे अडलं त्याचं कारण मृणालला सांगता येण्यासारखं नव्हतं. मी मागच्या बाजूनं वळसा घालून गेले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

पण मला ते तसे आठवत नाहीत. मला ते आठवतात त्या घराच्या पायरीवर. आतून एकटेच बाहेर आले, बूट उचलले, आणि वरच्या पायरीवर खाली बसले. बसून, वाकून, दाराकडे पाठ करून बूट घालायला लागले. इतक्या दिवसांत त्यांची पाठ कुठल्याही दाराकडे मी पाहिली नव्हती. एक बूट चढला. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागचं दार उघडलं आणि विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीतून एक वाळलेला, भल्या मोठ्या हाडांचा माणूस बाहेर आला. त्याच्या हातात गुरं हाकायची लांब काठी होती. खुर्ची पुढे पुढे येत होती, अगदी पाठीशी. काकांना ऐकू येत नसेल असं होणं शक्यच नव्हतं. माझा हात हॉर्नवर गेला आणि मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

त्या माणसानं काठी मांडीवर आडवी ठेवली. तो पुढे झुकला. त्याचा हात हवेत दोनदा चुकला, आणि मग त्यानं तळहात काकांच्या डोक्यावर ठेवला, सबंध, बोटं पसरून, बारा वर्षांपूर्वी ठेवायचा राहून गेला होता तसा. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा, नाडी हातात, तसेच ते मान खाली घालून बसून राहिले.